मंदावलेला कॅटॅलिस्ट: कोळसा खाणीच्या हवेतला मिथेन जाळणारं सिरॅमिक पुन्हा कामाला कसं लावायचं

कोळसा खाणीच्या मुख्य पंख्यातून बाहेर पडणाऱ्या हवेत मिथेन असतो, पण इतका पातळ की काडी लावली तरी पेटत नाही. मिथेन हवेत पेटतो तो ५ ते १५ टक्क्यांच्या दरम्यान. पंख्याच्या तोंडाशी तो बहुधा ०.१ ते १ टक्का असतो. हे मुद्दामच घडवलेलं आहे. आपल्याकडच्या नियमांनुसार एखाद्या विभागाच्या परतीच्या हवेत ०.७५ टक्क्यांहून आणि खाणीत कुठेही १.२५ टक्क्यांहून जास्त मिथेन चालत नाही. माणसं जिवंत ठेवायची तर हवा भरपूर खेळवून गॅस पातळ करायचा, आणि एकदा पातळ झाला की तो साध्या बर्नरमध्ये जळत नाही. मग तो आकाशात जातो. शंभर वर्षांच्या हिशेबात त्याची उष्णता धरून ठेवण्याची ताकद कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट.

हा पातळ मिथेन जाळायचे दोन रस्ते आहेत. पहिला निव्वळ उष्णतेचा: सिरॅमिकचा जाड थर सुमारे १००० अंश सेल्सिअसपर्यंत तापवायचा आणि हवेची दिशा दर थोड्या वेळाने उलटवत राहायची, म्हणजे उष्णता आतच राहते. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समधल्या वेस्ट क्लिफ खाणीवर २००७ मध्ये याच पद्धतीने ६ मेगावॉट वीज काढायला सुरुवात झाली. दुसरा रस्ता कॅटॅलिस्टचा, म्हणजे स्वतः न जळता जळण्याची क्रिया वेगवान करणाऱ्या पदार्थाचा. कॉर्डिएराइट नावाच्या सिरॅमिकचं मधमाश्यांच्या पोळ्यासारखं जाळीदार ठोकळं, त्याच्या भिंतींवर सच्छिद्र अॅल्युमिनाचा पातळ लेप, आणि लेपात विखुरलेले पॅलेडियमचे बारीक कण. इथे काम ४०० ते ६०० अंशांतच होतं. उपकरण लहान आणि पोलाद साधं चालतं. अडचण एकच: कॅटॅलिस्ट थकतो.

हा लेख त्या दुसऱ्या रस्त्याचा आहे. वणी-चंद्रपूर पट्ट्यात बहुतेक कोळसा उघड्या खदानींतून निघतो, त्यामुळे हा विषय आपल्या अंगणातला नाही. तो झारखंडमधल्या झरियातल्या मुनीडीहसारख्या तिसऱ्या श्रेणीच्या गॅसी खाणींचा आहे, जिथे टनामागे १० घनमीटरहून जास्त गॅस निघतो. आणि ऑस्ट्रेलिया, चीनमधल्या खोल खाणींचा आहे. पण नागपूर-चंद्रपूरकडून शिकून अशा ठिकाणी पायलट (प्रायोगिक) युनिटवर उभी राहिलेली मुलं विचारतात, “सर, भट्टीत घालून भाजलं की होईल ना ठीक?” त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. उत्तर असं: कदाचित होईल, कदाचित कायमचं वाया जाईल. ते आधी एका छोट्या तुकड्यावर ठरवायचं.

आधी कॅटॅलिस्ट खरंच दोषी आहे का ते पाहा

बाहेर पडणाऱ्या हवेत मिथेन वाढला की सगळ्यांची बोटं कॅटॅलिस्टकडे वळतात. पण कॅटॅलिस्टच्याही काही युनिटमध्ये हवेची दिशा उलटवत राहतात; तिथे व्हॉल्व्ह गळत असेल तर काही हवा कॅटॅलिस्टला न शिवता थेट बाहेर जाते, आणि आकडा तसाच बिघडतो. दोन्हींत फरक ओळखायची सोपी खूण आहे. बेडचं, म्हणजे रचलेल्या ठोकळ्यांच्या थराचं, तापमान ३०-४० अंशांनी वाढवून बघा. मिथेन झपाट्याने कमी झाला तर कॅटॅलिस्ट मंदावला आहे. काहीच फरक पडला नाही तर गळती शोधा, कारण गळतीला तापमानाशी देणंघेणं नसतं. व्हॉल्व्ह फिरताना आतली न जळलेली हवा एक फुत्कार टाकून बाहेर जाते. तुमचं मीटर नेमकं त्या क्षणांची सरासरी धरत असेल तर तेही निस्तरा. आणि मीटरला प्रमाणित सिलिंडरचा गॅस दाखवून घ्या. हे सगळं अर्ध्या दिवसाचं काम आहे, बेड उघडणं आठवड्याचं.

याच्या उलटही फसगत होते, आणि ती जास्त महागात पडते. बेड ६५०-७०० अंशांवर चालत असेल तर कॅटॅलिस्ट निम्मा मेला तरी आकडा ९५ टक्केच दिसू शकतो. त्या तापमानाला रासायनिक क्रिया इतकी वेगवान असते की वेग ठरतो तो मिथेन भिंतीपर्यंत किती लवकर पोचतो यावर. कॅटॅलिस्टमध्ये राखीव दम असतो, तो हळूहळू संपत जातो आणि बाहेर कळत नाही. मग एके दिवशी मिथेन ०.५ वरून ०.२५ टक्क्यांवर घसरतो, बेड थोडा थंडावतो आणि अख्खं युनिट विझतं. दर ०.१ टक्का मिथेनमागे हवा सुमारे २६ अंशांनी तापते. तो हिशेब डोक्यात असू द्या. म्हणून रोजच्या रूपांतराच्या टक्क्यावर विसंबू नका. कॅटॅलिस्टची तब्येत कळते ती कमी तापमानाला, तो कुठे पेट घेतो त्यावरून.

काय काय बिघडतं

पाच-सहा कारणं आहेत, आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा.

पाणी: खाणीतून वर येणारी हवा जवळजवळ दमट गच्च असते. ३० अंशांना संपृक्त हवेत ४ टक्क्यांहून जास्त वाफ मावते, त्यात मिथेन जळून आणखी भर पडते. मिथेन जाळायचं काम करतो तो पॅलेडियम ऑक्साइड. त्याच्या पृष्ठभागावर पाण्याचे तुकडे चिकटून बसतात आणि मिथेनला जागा मिळत नाही. ४५० अंशांच्या वर हा त्रास बराच कमी होतो आणि बहुतांशी परत फिरवता येतो.

गंधक: काही थरांतून हायड्रोजन सल्फाइड येतो, डिझेलच्या गाड्यांच्या धुरातून सल्फर डायऑक्साइड. प्रमाण पीपीएममध्ये, म्हणजे दहा लाखांत काही भाग, कधी त्याहून कमी. पण कॅटॅलिस्ट वर्षानुवर्षं तीच हवा पीत असतो. पॅलेडियम स्वतःच गंधकाला आणखी ऑक्सिजन जोडतो आणि मग सल्फेट होऊन त्यातच अडकतो. अॅल्युमिनाचा लेप इथे ढालीचं काम करतो; बराचसा गंधक तो स्वतःत साठवतो, त्यामुळे पॅलेडियम उशिरा मरतो. पण हेच साठवलेलं सल्फेट नंतर सफाईच्या वेळी हळूहळू सुटत राहतं आणि काम लांबवतं. सिलिकाच्या लेपाचं उलट: तो गंधक धरत नाही, म्हणून विषबाधा लवकर होते आणि उतरतेही लवकर. तुमचा लेप कोणता आहे हे पुरवठादाराच्या कागदावर बघून घ्या.

धूळ: कोळशाची असतेच, पण त्याहून त्रासदायक स्टोन डस्ट. कोळशाच्या धुळीचा स्फोट पसरू नये म्हणून गॅलऱ्यांमध्ये चुनखडीची पूड मारतात. खाणीचा जीव वाचवणारी ही पूड कॅटॅलिस्टच्या मुळावर येते. साध्या तापमानाला ती फक्त भोकं बुजवते. ८०० अंशांच्या वर गेली की तिचा कळीचा चुना होतो; तो गंधकाला धरून जिप्समसारखा कडक थर करतो आणि लेपातल्या अॅल्युमिनाशी व खालच्या कॉर्डिएराइटशीही संधान बांधतो. एकदा तसं झालं की धुवून निघत नाही.

उष्णता: फार तापलं की अॅल्युमिनाची छिद्रं मिटतात आणि पॅलेडियमचे कण एकमेकांत मिसळून मोठे होतात. हवेत सुमारे ८०० अंशांच्या पुढे पॅलेडियम ऑक्साइड ऑक्सिजन सोडून नुसता धातू होतो. थंड होताना तो पुन्हा ऑक्साइड होतो खरा, पण मोठे झालेले कण लहान होत नाहीत.

राहिली सिलिकोन सीलंटची वाफ, तेलातला फॉस्फरस, क्लोराइड. सिलिकोनचा काचेसारखा थर बसतो; त्याच्यावर मला आजवर इलाज सापडलेला नाही. युनिटच्या सांध्यांना सिलिकोन लावायला आलेल्या फिटरला तिथेच थांबवा.

बेड बंद करणं आणि उघडणं

गरम बेडवर खाणीची दमट हवा सोडून तो थंड करू नका. थंड होता होता तो पाणी पीत बसतो. आधी खाणीकडचा मार्ग बंद करून हवा वरच्या वर सोडा, मग स्वच्छ कोरड्या हवेवर बेड तासाला साधारण ५० अंशांच्या बेताने उतरवा. खाणीचा पंखा या सगळ्यात एक क्षणही अडता कामा नये, आणि त्याचा निर्णय व्हेंटिलेशन अधिकाऱ्याचा, तुमचा नव्हे.

आत उतरायचं तर परवाना, कुलूप-टॅग आणि आतल्या हवेची तपासणी: ऑक्सिजन १९.५ टक्क्यांच्या वर, मिथेन, कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड नगण्य. बाहेर एक माणूस फक्त बघायला. जुन्या सिरॅमिक ब्लँकेटकडे विशेष लक्ष द्या. हजाराच्या आसपास तापून निघालेल्या तंतूंमध्ये क्रिस्टोबलाइट तयार झालेला असू शकतो, तो फुफ्फुसात गेला तर सिलिकोसिस. पाण्याचा बारीक फवारा मारून ते ओलं करा, पी-१०० दर्जाचा मास्क लावा. झाडू मारायचा नाही, हेपा फिल्टरचा व्हॅक्यूमच वापरायचा. फवारा ब्लँकेटवरच राहू द्या. कॅटॅलिस्टवर नळाचं पाणी उडू देऊ नका.

ठोकळे काढताना प्रत्येकावर जागा आणि दिशा लिहा: थर कितवा, वरची बाजू कोणती. मार्कर भट्टीत उडून जातो, म्हणून कडेला खाच पाडा किंवा ट्रेचा नकाशा काढा. दिशा उलटवणाऱ्या युनिटमध्ये धूळ आणि गंधक दोन्ही टोकांना बसतात आणि सगळ्यात जास्त तापतो तो मधला भाग. म्हणजे एकाच बेडमध्ये दोन वेगळे रोगी असतात. टोकाचे ठोकळे विषबाधेने आजारी, मधले भाजल्याने. सगळ्यांना एकच औषध देऊन चालत नाही.

बाजूचे साधे सिरॅमिक ठोकळे आणि सॅडल, म्हणजे खोगिराच्या आकाराचे भरावाचे तुकडे, हेही तपासून घ्या. बाजारात माठ घेताना बोटाने टकटक करून बघतो, तसंच. खणखणीत वाजला तर ठीक, बद्द वाजला तर आत तडा आहे.

छोट्या तुकड्यावर जिना चढा

या लेखातून एवढीच एक गोष्ट उचललीत तरी चालेल. टोकाच्या एका आणि मधल्या एका ठोकळ्यातून २५ मिलिमीटर व्यासाचे, ५० मिलिमीटर लांबीचे गोल तुकडे कापा. हिऱ्याच्या कोअर ड्रिलने, पाणी न वापरता, हळू. प्रत्येक जागेचे निदान तीन. एक मोजण्यासाठी, एक प्रयोगशाळेसाठी, एक तसाच डब्यात.

मोजायचं असं: तुकड्याभोवती सिरॅमिक पेपर गुंडाळून नळीत घट्ट बसवा, कडेने हवा निसटता कामा नये. हवेत ०.५ टक्का मिथेन आणि ३ टक्के वाफ. प्रवाह मिनिटाला सुमारे ८ लिटर ठेवला तर या आकाराच्या तुकड्यावरून दर तासाला त्याच्या आकारमानाच्या २० हजार पट हवा जाते. २०० अंशांपासून मिनिटाला ५ अंशांनी ६५० पर्यंत चढवा आणि आत जाणाऱ्या हवेचं तापमान नोंदवा. निम्मा मिथेन ज्या तापमानाला जळतो, तो तुमचा आकडा. मिथेन जळताना रेणूंची एकूण संख्या बदलत नाही, त्यामुळे आत-बाहेरच्या टक्क्यांची थेट तुलना चालते. फक्त मीटरच्या आधी वाफ काढून टाकत असाल तर दोन्ही बाजूंना सारखीच काढा.

आता जिना. पहिली पायरी: तुकडा आहे तसा मोजा. दुसरी: धूळ झाडून, धुवून, ११० अंशांना वाळवून मोजा. तिसरी: कोरड्या हवेत ५५० अंशांना दोन तास ठेवून मोजा. चौथी: खाली सांगितलेली हायड्रोजनची प्रक्रिया करून मोजा. समजा ताज्या तुकड्याचा आकडा ३७० होता आणि थकलेल्याचा ४६०. धुतल्यावर ४४५, कोरड्या हवेनंतर ४३०, हायड्रोजननंतर ३८५. याचा अर्थ ९० अंशांच्या घसरणीत धुळीचा वाटा १५, पाण्याचा १५, गंधकाचा ४५ आणि उरलेले १५ कायमचे गेले. असा हिशेब हातात आला की अख्ख्या बेडवर कोणत्या पायऱ्या करायच्या ते आपोआप ठरतं. धुण्याने काहीच मिळत नसेल तर धूच नका. प्रत्येक धुण्यात थोडा लेप जातोच.

दुसरा तुकडा प्रयोगशाळेत पाठवून एक्स-रे फ्लुरोसन्सने गंधक, कॅल्शियम, सिलिकॉन, फॉस्फरस आणि क्लोरीन मोजून घ्या, जमलं तर लेपाचं पृष्ठफळही. सिलिकॉन मोजताना लेप खरवडून द्या, कारण खालच्या कॉर्डिएराइटमध्ये तो आधीच आहे. या चाचणीविना चौथ्या पायरीवर जाऊ नका.

कोरडी सफाई

आधी व्हॅक्यूम, मग दाबाची हवा, फार तर २ बार, धूळ शिरली त्याच्या उलट दिशेने. टोकाच्या ठोकळ्यांत दोन्ही बाजूंनी, आलटून पालटून. हवा तेलविरहित कॉम्प्रेसरची हवी. वर्कशॉपच्या साध्या लाइनमधून तेलाचे थेंब येतात. एक रोग काढताना दुसरा लावला असं होतं. बुजलेल्या भोकांत तार घालायचा मोह होईल. घालू नका, लेप भिंतीवरून सोलून निघतो. अल्ट्रासॉनिक टाकीही टाळा. लेप किती घट्ट चिकटलाय हे तपासायला कारखान्यात तीच पद्धत वापरतात, यावरून काय ते समजा.

प्रत्येक ठोकळा आधी आणि नंतर तोला. आणि धूळ निघाल्याशिवाय भट्टीकडे वळू नका. एका पायलट युनिटवर माझ्यासमोर ही घाई झाली. आत कोळशाची धूळ असलेले ठोकळे थेट भट्टीत गेले. भट्टीचा काटा ५०० दाखवत होता, पण भोकांत धूळ पेटली होती आणि तिथलं तापमान किती होतं देव जाणे. बाहेर आले तेव्हा मधोमध कॉर्डिएराइट वितळून काचेसारखं चमकत होतं. त्यांचं पुढे काहीच करता आलं नाही.

धुणं: फक्त चुनखडी असेल तर

कॅल्शियम लक्षणीय असेल तरच. नळाचं पाणी चालणार नाही, त्यात क्लोराइड असतं आणि मिथेन जाळणाऱ्या पॅलेडियमला क्लोराइड विषासारखं. त्याच कारणाने हायड्रोक्लोरिक आम्लही नाही, कितीही स्वस्त असलं तरी. सल्फ्युरिकने चुनखडीचं जिप्सम होईल. ऑक्झॅलिक आम्ल कॅटॅलिस्ट धुण्यासाठी बऱ्याच ठिकाणी वापरतात आणि लोहासाठी ते उत्तम आहे, पण कॅल्शियमशी ते अविद्राव्य क्षार करतं, म्हणजे भोकं आणखी बुजतात. राहतं अॅसेटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमधलंच: २ टक्क्यांचं द्रावण, खनिजमुक्त पाण्यात, साध्या तापमानाला.

ठोकळा पूर्ण थंड असावा. गरम सिरॅमिकवर पाणी पडलं की तडा गेलाच. तो उभा धरून सावकाश बुडवा, म्हणजे भोकांतली हवा वर निघून जाईल. बुडबुडे येतात ते कार्बन डायऑक्साइडचे, चुनखडी विरघळत असल्याची खूण. बुडबुडे थांबले की काढा. अर्ध्या तासाच्या वर ठेवू नका, कारण जास्त आम्लतेत अॅल्युमिनाही विरघळायला लागतो. मग खनिजमुक्त पाण्याचे चार-पाच हात. जिप्सम पाण्यात अगदी थोडा विरघळतो, लिटरला दोनेक ग्रॅम, त्यामुळे तो थोडाफार निघतो तो या खळबळण्यातच. निथळलेल्या पाण्याची विद्युतवाहकता आत घातलेल्या पाण्याच्या जवळ आली की पुरे. धुतलेल्या पाण्याचा एक नमुना पॅलेडियमसाठी तपासून घ्या. त्यात धातू दिसला तर लगेच थांबा.

वाळवणं हा या कामातला सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात जास्त बिघडवला जाणारा भाग. आधी भोकांतलं पाणी हलक्या हवेने उडवा, मग सावलीत रात्रभर, मग ओव्हनमध्ये मिनिटाला १ अंशाने ११० पर्यंत चढवून वजन स्थिर होईपर्यंत. घाई केली तर छिद्रांतली वाफ लेपाला आतून उडवते.

पाणी काढणं

कोरडी हवा, मिनिटाला २ अंशांनी ५५० पर्यंत, तिथे दोन ते चार तास. थोडी कोळशाची पूड उरली असणारच, म्हणून २५० ते ४५० च्या टप्प्यात हवेत नायट्रोजन मिसळून ऑक्सिजन ३ टक्क्यांच्या आसपास ठेवा आणि ठोकळ्याच्या मधोमध थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) घाला. भट्टीपेक्षा आतलं तापमान ३० अंशांनी वर गेलं तर चढ थांबवा. बऱ्याच युनिटचं काम इथेच संपतं. तसं असेल तर आनंदाने संपवा.

गंधक काढणं

दोन वाटा आहेत. निव्वळ उष्णतेने अॅल्युमिनातलं सल्फेट फोडायचं तर ७०० अंश आणि त्याहून वर जावं लागतं, म्हणजे कण मोठे व्हायच्या सीमेवर. ७०० च्या वर नेऊ नका, आणि पूर्ण सफाईची अपेक्षाही ठेवू नका. दुसरी वाट ऑक्सिजन काढून घेऊन हायड्रोजन द्यायची. त्यात सल्फेट ४५०-५०० अंशांतच फुटतं. परिणाम चांगला, जोखीम जास्त. हे खाणीच्या आवारात करायचं काम नाही, पंख्यापासून दूर, योग्य भट्टी असलेल्या ठिकाणी करा.

नायट्रोजनमध्ये ५ टक्के हायड्रोजनचं तयार मिश्रण घ्या. या प्रमाणात ते हवेत मिसळलं तरी पेटत नाही, म्हणून तेच. स्वतः मिसळत बसू नका. आधी नुसता नायट्रोजन सोडून भट्टीतला ऑक्सिजन ०.५ टक्क्यांच्या खाली आणा, मग ४५० पर्यंत चढा. आता मिश्रण सुरू करा. बाहेर येणारा वायू कॉस्टिक सोड्याच्या द्रावणातून गाळा, कारण सल्फर डायऑक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड दोन्ही निघतात. हायड्रोजन सल्फाइडच्या सडक्या अंड्याच्या वासावर विसंबू नका. जास्त प्रमाणात तो वास येणंच बंद होतं. अंगावर डिटेक्टर हवाच. मीटरवर गंधक उतरणीला लागला की साधारण अर्धा ते एक तास धरा.

नंतर हायड्रोजन बंद, नायट्रोजनने भट्टी पुन्हा पूर्ण धुवून काढा आणि ३०० अंशांच्या खाली उतरा. हवा एकदम आत सोडली तर नुकताच उघडा पडलेला पॅलेडियम ऑक्सिजनवर तुटून पडतो आणि आतल्या आत तापतो. आधी १ टक्का ऑक्सिजन, मग ५, मग पूर्ण हवा. शेवटी कोरड्या हवेत ५५० अंशांना दोन तास, म्हणजे धातूचा पुन्हा ऑक्साइड होईल आणि राहिलेलं सल्फाइडही जाईल. एका फेरीत समाधान झालं नाही तर दुसरी करा. तिसरीचा उपयोग झालेला मी पाहिलेला नाही.

भाजून गेलेले मधले ठोकळे

यांच्यासाठी वरच्या कशाचाच उपयोग नाही. पेट्रोलियम रिफायनरीत प्लॅटिनमचे मोठे कण क्लोरीनच्या मदतीने पुन्हा विखुरतात, ती युक्ती कुणी सुचवली तर नम्रपणे नकार द्या. क्लोरीनचं कारण वर आलंच आहे.

लेपाचं पृष्ठफळ बऱ्यापैकी शाबूत असेल तर पॅलेडियमचा नवा हात देता येतो. कोरडा ठोकळा तोला, खनिजमुक्त पाण्यात भिजवा, भोकांतलं पाणी उडवा, पुन्हा तोला. समजा किलोच्या ठोकळ्याने १५० ग्रॅम पाणी धरलं आणि तुम्हाला २ ग्रॅम पॅलेडियम वाढवायचं आहे, तर द्रावणाच्या १५० ग्रॅममध्ये २ ग्रॅम, म्हणजे सुमारे १.३ टक्के धातू हवा. पॅलेडियम नायट्रेट घ्यायचं, क्लोराइड नाही. वाळवताना ठोकळा सतत फिरवत ठेवा आणि भोकांतून हवा जाऊ द्या, नाहीतर धातू एका कडेला गोळा होतो. मग हवेत ५५० अंश. नायट्रेट फुटताना निघणारे तपकिरी धूर बाहेर काढायची सोय हवी.

पृष्ठफळच गेलं असेल तर ठोकळे धातू परत काढणाऱ्या रिफायनरीला द्या. पाठवण्याआधी हिशेब करा. लिटरला ३.५ ग्रॅम पॅलेडियम असलेला एक घनमीटर बेड म्हणजे साडेतीन किलो धातू. भंगार म्हणून किलोवर विकायची ती वस्तू नव्हे. नमुना काढताना तुमचा माणूस समोर उभा राहू द्या.

परत बसवणं

सगळ्यात बरे ठरलेले ठोकळे टोकांना नव्हे, तर बेड काम करताना जिथे पेट घेतो तिथे लावा. दिशा उलटत असेल तर तो पट्टा दोन्ही बाजूंना, टोकापासून थोडा आत असतो. थर्मोकपलच्या जुन्या नोंदींत तापमानाची चढण जिथे सर्वात उभी दिसते तीच जागा. टोकाला साधं सिरॅमिक, धूळ खायला. सांध्यांतून हवा निसटू नये म्हणून नवं ब्लँकेट, आणि एका ठराविक प्रवाहाला दाबातली घट मोजून लिहून ठेवा. पुढे धूळ साठतेय हे सगळ्यात आधी हाच आकडा सांगेल.

सुरुवात स्वच्छ हवेवर. बेड ५०० अंशांना आला की खाणीची हवा चौथ्या हिश्शाने सोडा आणि दर टप्प्यावर तापमान स्थिर होऊ द्या. मिथेन १ टक्क्याला पोचला की ताजी हवा आपोआप मिसळली पाहिजे, १.२५ टक्क्याला मार्ग बंद झाला पाहिजे. ही स्फोटाच्या खालच्या मर्यादेची चौथाई आहे. बेडच्या तापमानाची ट्रिप, म्हणजे युनिट आपोआप बंद पाडणारी मर्यादा, ७५० वर. दोन्ही ट्रिप सुरू करण्याआधी प्रत्यक्ष उडवून बघा.

तिसरा तुकडा आठवतो, डब्यात तसाच ठेवलेला? त्याच्या शेजारी दुरुस्त बेडमधला एक नवा तुकडा ठेवा, दोन्हींवर तारीख आणि मोजलेला आकडा, डब्यात सिलिका जेल, झाकणाला टेप. सहा महिन्यांनी पंख्यावरून फोन येईल की मिथेन पुन्हा वाढलाय. तेव्हा आधी व्हॉल्व्ह बघा, मग डबा उघडा.